घसारा आणि शोभा

घर सजविण्याच्या रीती काळाप्रमाणें बदलतात यांत नवल नाहीं. परंतु नव्या घरानें जुनें दिसावें अशी हौस ज्या काळांत उत्पन्न होते, त्या काळाकडे थोड्या निराळ्या नजरेनें पाहावें लागतें. गेल्या कांहीं वर्षांत मुंबईच्या मोठ्या सदनिकांतून, आणि आतां पालघर-बोईसरच्या नव्या इमारतींतूनहि, या हौसेचें दर्शन घडूं लागलें आहे. दिवाणखान्यांत रंग उडालेली पेटी हवी. मेजाच्या जागीं एखाद्या पडक्या वाड्याचा दरवाजा, त्याची कडी व बिजागऱ्या तशाच ठेवून, वर कांच घालून मांडलेला हवा. आरशाची चौकट कोपऱ्यांत झिजलेली हवी. या पद्धतीस इंग्रजींतलें 'शॅबी शीक' हें नांव चिकटलें आहे. 'मळकें तरी डौलदार' असा त्याचा सुमारें अर्थ होईल. खरें जुनें मिळालें नाहीं तर नव्यालाच जुनें करण्याची सोय आहे. सुतार नव्या फळीस एकावर एक दोन रंग देतो, आणि वरचा रंग कांचकागदानें जागजागीं खरवडून खालचा दाखवितो. पन्नास वर्षांची झीज एका दुपारीं तयार होते.

या हौसेची थट्टा करावी असा आमचा हेतु नाहीं. जुन्या वस्तूंत शोभा असते, हें आम्हांस मान्यच आहे. प्रश्न एवढाच कीं, ही शोभा नेमकी कशाची? रंग उडाल्याची, कीं तो ज्या हातांनीं व ज्या दिवसांनीं उडविला त्यांची? या प्रश्नाचें उत्तर देण्यास तारापूर-पालघरचा किनारा आम्हांस विशेष सोयीचा वाटतो. जुन्या वस्तु नव्या जागीं नेण्याचे जितके प्रकार संभवतात, तितके बहुतेक सर्व या एका मुलखानें पाहिले आहेत.

प्रथम या पद्धतीचें मूळ थोडक्यांत पाहूं. १९८९ सालीं रेचेल अ‍ॅशवेल या मूळच्या इंग्रज बाईंनीं कॅलिफोर्नियांतील सांता मोनिका येथें याच नांवाचें दुकान उघडलें, आणि तेथून हें नांव जगभर गेलें. परंतु रुचि त्याहून जुनी आहे. इंग्लंडांतील खानदानी घराण्यांच्या खेड्यांतील वाड्यांत आजोबांच्या खुर्च्या व आजीचे विटलेले पडदे पिढ्यान् पिढ्या तसेच राहत. ज्याला सामान बाजारांतून विकत आणावें लागतें तो कालचा श्रीमंत, ही त्यामागची गुर्मी. १८७७ सालीं विल्यम मॉरिस यानें जुन्या इमारतींच्या रक्षणासाठीं एक संस्था स्थापिली. त्या काळीं जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं जुन्या देवळांचा गिलावा खरवडून त्यांस कोरें करकरीत रूप देण्याची लाट आली होती. तिला या संस्थेचा विरोध असल्यामुळें लोक तिला थट्टेनें 'खरवड-विरोधी' म्हणत. जपानांत तर सोळाव्या शतकांतच सेन नो रिक्यू या चहाविधीच्या आचार्यानें सोन्याचांदीच्या भांड्यांपेक्षां खडबडीत मातीच्या वाटीस मान दिला होता. मॉरिसचें भांडण खरवडण्याशीं होतें, आणि आजची हौस खरवडल्यावांचून पुरी होत नाहीं! या विरोधांतच आमच्या प्रश्नाचें मर्म आहे. झीज हें वस्तूचें चरित्र होय असें मानणारा मनुष्य ती पुसूं देणार नाहीं, आणि खोटी लिहूंहि देणार नाहीं.

आतां आपल्या मुलखाकडे येऊं. पश्चिमेस समुद्र, पूर्वेस डहाणू-जव्हारकडचें सागाचें रान, आणि मध्यें वाड्या-बागाइतींची चिंचोळी पट्टी, अशी या भागाची ठेवण आहे. लांकूड जवळ असल्यामुळें येथील सुखवस्तु घर मुख्यत्वें लांकडाचेंच असे. ओटी, पडवी, माजघर, वर माळा, आणि हें सर्व सागवानी खांबांवर व तुळयांवर तोललेलें. खांब व तुळई यांचा सांधा एकाचें टोंक दुसऱ्याच्या खांचेंत बसवून, वर लांकडी खुंटी मारून केलेला असावयाचा. या बांधणीचा एक मोठा गुण असा कीं, घर पाडावें लागत नाहीं, तें उकलतां येतें. भाऊ वेगळे झाले, किंवा खाडीनें जागा खाल्ली, म्हणजे घर उकलून त्याच्या तुळया, दारें, चौकटी, जिने वाटून घ्यावयाचे व नव्या घरांत बसवावयाचे. म्हणून या बाजूच्या एखाद्या जुन्या घरांत मान वर करून पाहिलें तर तुळईवर कांहीं रिकाम्या खांचा दिसतात. त्यांत आज कांहींच बसलेलें नसतें. ती तुळई पूर्वी दुसऱ्या एखाद्या घरांत निराळ्या कामावर होती, हें त्या खांचा सांगतात. उंबरठ्याची मधली झीज किती पावलांची आहे, देवघराच्या चौकटीवरचा काळा थर किती दिव्यांचा आहे, हें घरांतल्या म्हाताऱ्या माणसांस ठाऊक असे.

हा सर्व व्यवहार काटकसरीचा होता. त्यांत फॅशन नव्हती. विटलेल्या लुगड्यांची गोधडी शिवणारी आजी ठिगळांची रंगसंगति साधीत असे, पण ती प्रथम थंडीचा विचार करी. तरीसुद्धां या काटकसरींतून एक सौंदर्य आपोआप उत्पन्न होई, कारण वस्तु ज्या हातांतून दुसऱ्या हातांत जाई ते दोन्ही हात एकमेकांस ओळखत. तुळई नव्या घरांत आली तरी ती 'थोरल्या घरची तुळई' म्हणूनच ओळखली जाई. वस्तूची जागा बदले, नांव बदलत नसे. जुन्याच्या शोभेची ही पहिली अट आम्ही समजतों.

दुसरा प्रकार विजयाचा. सोळाव्या शतकांत हा किनारा पोर्तुगीजांच्या हातीं गेला, आणि उत्तर फिरंगाणांत तारापूरचा किल्ला हें एक बळकट ठाणें बनलें. १७३९ च्या जानेवारींत चिमाजी अप्पांच्या फौजेनें तो हल्ला करून घेतला. त्या हल्ल्यांत बाजी भिवराव रेठरेकर पडले. आणि त्याच वर्षाच्या मे महिन्यांत वसई पडली. या मोहिमेंतून मराठ्यांनीं ज्या वस्तु आणल्या त्यांत फिरंगी देवळांच्या पितळी घंटा सर्वांत प्रसिद्ध आहेत. भीमाशंकरास एक आहे. वाईजवळ मेणवलीस नाना फडणिसांच्या घाटावर एक आहे, तिजवर १७०७ चा आंकडा आहे. नाशिकच्या गोदाकांठीं नारोशंकराच्या देवळावरची तर इतकी गाजली कीं, कर्कश बोलणाऱ्या माणसास 'नारोशंकराची घंटा' म्हणण्याचा प्रघातच पडला. तिजवर पोर्तुगीज अक्षरें व १७२१ हें वर्ष आहे; देऊळ १७४७ चें आहे.

जित शत्रूच्या देवळांतील वस्तु आपल्या देवळांत टांगणें यांत जेत्याची आढ्यता आहे, हें झांकण्याचें कारण नाहीं. तथापि एक गोष्ट लक्ष्यांत घेण्यासारखी आहे. त्या घंटांवरील अक्षरें कोणीं तासून टाकलीं नाहींत. क्रूस, परकी लिपि, ख्रिस्ती सन हें सर्व तसेंच ठेवून ती घंटा शंकरापुढें वाजूं लागली. ती कोठली, कशी आली, हें अडीचशेंहून अधिक वर्षें प्रत्येक वाजविणाऱ्यास विचारतां आलें आहे. वस्तूनें धर्म बदलला, पण आपला जन्म लपविला नाहीं. लुटींतून आलेल्या वस्तूच्या अंगीं जें प्रामाणिकपण राहिलें, तें आजच्या दुकानांत पैसे मोजून घेतलेल्या दरवाज्याच्या अंगीं बहुधा नसतें. कारण दुकानदार त्याचें गांव सांगत नाहीं, आणि घेणारा विचारीत नाहीं.

तिसरा प्रकार वैभव व त्याचा ओसर यांचा. पेशवाईच्या उतरत्या काळांत तारापूरचा किल्ला विकाजी मेहरजी या तेथील पारशी गृहस्थांस इनाम मिळाला. विकाजी व त्यांचे बंधु पेस्तनजी यांची पेढी पुढें निजामाच्या राज्यांत इतकी वाढली कीं, औरंगाबादच्या टांकसाळींतून पडलेला त्यांचा रुपया 'पेस्तनशाही' म्हणून चालला. निजामसरकारकडील येणें थकलें, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ती पेढी बसली. ज्या किल्ल्यासाठीं १७३९ त रक्त सांडलें त्याच्या तटाआंत पुढें विहिरी व बाग राहिली. इतिहास स्वतःच जुन्या वस्तूंस नवीं कामें लावीत असतो, याचें याहून बोलकें उदाहरण शोधावयास नको.

या किनाऱ्यावरील पारशी घरांची सजावट हा एक स्वतंत्र विषय होईल. उंबऱ्यापुढें चुन्याच्या भुकटीचे ठसे, दारावर मण्यांचें तोरण, आंत मुंबईचें कोरीव शिसवी सामान, आणि चीनच्या व्यापाराच्या दिवसांत आलेलीं चिनी मातीचीं भांडीं. पारशी सुतारपसंतीचें हें मिश्रण होतें. पण त्यांतील प्रत्येक वस्तूस घरांत ठरलेली जागा व ठरलेला दिवस होता. पुढें मुलें शिक्षणासाठीं व धंद्यासाठीं मुंबईस गेलीं. १८६४ पर्यंत मुंबई-गुजरात आगगाडी सुरू होऊन हें जाणें सोपें झालेंच होतें. मागें मोठमोठीं घरें एखाद्या वृद्धाच्या किंवा नुसत्या कुलपाच्या ताब्यांत राहिलीं. अशा घरांतील शिसवी खुर्च्या मुंबईच्या चोरबाजारांत, मटण स्ट्रीटवर, किंवा जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या सामानाच्या वखारींत येऊन पडतात, आणि तेथून नव्या दिवाणखान्यांत जातात. गोव्यांतील जुन्या घरांचीहि हीच वाट झाली आहे. ज्या घराचा वंश आटला त्याच्या वस्तूंनीं दुसऱ्याचें घर शोभावें, यांत वाईट कांहीं नाहीं. वाईट हें कीं, मधल्या प्रवासांत वस्तु मुकी होते. तारापूरची खुर्ची वखारींत शिरते आणि बाहेर पडते ती केवळ 'पारशी खुर्ची' होऊन.

चौथा प्रकार या तिहींच्या अगदीं उलट आहे, आणि आमच्या मतें तोच सर्वांत विचार करण्याजोगा आहे. पालघर-डहाणूच्या पाड्यांतील वारल्यांचें घर कुडाचें असे. कारवीच्या काठ्या उभ्या करून त्यांवर शेणमातीचा लेप, लेपावर गेरूचा तांबडा रंग, आणि त्या तांबड्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचें पांढरें चित्र. लग्नाच्या वेळीं सवाशिणी आंतल्या भिंतीवर चौक लिहीत. चौकाच्या मध्यभागीं पालघाट देवी; शेजारीं लहान चौकांत घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. चौक लिहिल्यावांचून लग्न लागत नसे, आणि तें धवलेरी बाई गाणें म्हणून लावी. ही या घराची सजावट. परंतु ती टिकविण्यासाठीं केलेलीच नव्हती. पाऊस येई, भिंत सादळे, पुन्हां सारवण होई, आणि चित्र त्याखालीं जाई. पुढच्या लग्नास पुन्हां नवें. या घरांत जुनें काय होतें? वस्तु नव्हे. जुना होता तो हात. आईकडून लेकीकडे आलेली रेघ जुनी होती.

१९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत भास्कर कुलकर्णी हे चित्रकार या पाड्यांत आले, आणि त्यांनीं हीं चित्रें कागदावर उतरवून घेण्याचा उद्योग आरंभिला. डहाणू तालुक्यांतील गंजाडकडचे जिव्या सोमा मशे या पुरुषानें बायकांचें हें काम लग्नावांचून, केवळ चित्र म्हणून, हातीं घेतलें. १९७५ त मुंबईच्या केमोल्ड दालनांत त्यांचीं चित्रें मांडलीं गेलीं. २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली, आणि २०१८ सालीं ते वारले. आज वारली चित्र चहाच्या पेल्यावर, पडद्यावर, उपाहारगृहाच्या भिंतीवर, सर्वत्र आहे. यामुळें कित्येक घरांत चूल पेटली, आणि जिव्यांसारख्या प्रतिभावान पुरुषास जग पाहावयास मिळालें. तेव्हां या बदलास सरसकट दोष देणें अन्यायाचें होईल. मात्र शहरांतील भिंतीवर तें चित्र 'जुनी आदिवासी कला' म्हणून पक्क्या रंगांत कायमचें बसतें, तेव्हां त्याचा मूळ धर्म उलटा होतो. जें दर प्रसंगीं नवें व्हावयाचें तें जुनेपणाची खूण बनतें. आणि जो दरवाजा शंभर वर्षें टिकावयाचा तो घरांतून उपटून मेज बनतो.

आतां चालू काळ. १९६९ सालीं तारापूरचें अणुविद्युत् केंद्र सुरू झालें. बोईसरची औद्योगिक वसाहत उभी राहिली. २००५-०६ त केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या भट्ट्या चालू झाल्या, आणि त्यांच्यापायीं अक्करपट्टी व पोफरण हीं गांवें उठलीं. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. रस्ते, रेल्वे, बंदर, कारखाने यांसाठीं जमीन लागते, आणि जमिनीवर घरें असतात. या उलाढालींत किती वाडे व किती कुडाचीं घरें गेलीं, यापेक्षां तीं कोणत्या हिशेबानें गेलीं याकडे आम्ही वाचकांचें लक्ष्य वेधूं इच्छितों.

इमारतीचें मोल ठरवितांना तिच्या वयाप्रमाणें घसारा वजा करावा, अशी मूल्यमापनाची रीत आहे. घर जितकें जुनें तितकें त्याचें मोल कमी. हिशेबनिसाच्या वहींत हें शास्त्रशुद्धच आहे. पण त्याच घराचा तोच दरवाजा वखारींतून दुकानांत आला कीं तीच झीज किंमत वाढविते. जितका जुना तितका महाग! उंबरठ्यावर ज्यांचीं पावलें झिजलीं त्यांच्या पदरीं घसारा, आणि ज्यानें तो उंबरठा कधीं ओलांडला नाहीं त्याच्या पदरीं शोभा. एकाच झिजेचे हे दोन भाव ज्या बाजारांत चालतात, त्या बाजारानें जुन्याचें कौतुक आपणच करतों असें म्हणावें, हें कानास बरें वाटत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, वखारवाल्यानें दरवाजा नेला नसता तर तो चुलींत गेला असता; दिवाणखान्यांत मेज होऊन का होईना, तो जगला. हा आक्षेप बळकट आहे. सागवानी दार जळण होण्यापेक्षां मेज झालेलें बरें, यांत शंका नाहीं. आम्हांस विक्री थांबवावयाची नाहीं, आणि ज्याचें घर पावसांत गळतें आहे त्यानें आमच्या हौसेसाठीं जुन्या छपराखालीं बसावें, असेंहि आम्ही म्हणणार नाहीं. सिमेंटच्या कोरड्या खोलींत निजण्याचा हक्क सर्वांस आहे. आमचें मागणें लहान आहे. विकणाऱ्यास त्या झिजेचा भाव कळावा, आणि घेणाऱ्यास तिचें गांव कळावें.

हें अशक्य नाहीं. घर उकलण्यापूर्वीं त्याचा आराखडा, खांबांची संख्या, चौकटींचीं मापें, सुतारकामाची तऱ्हा, घरांतील माणसांची हकीगत हें टिपून ठेवण्यास चार दिवस पुरतात, आणि हें काम गांवच्या शाळेंतील मोठीं मुलेंहि करूं शकतील. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं 'महिकावतीची बखर' छापून काढली, तेव्हां केळवें-माहीमच्या या मुलखांतील घराण्यांचा जुना वृत्तांत लोकांपुढें आला. बखरींतील घराणीं ज्या घरांत राहिलीं त्या घरांची बखर मात्र कोणीं लिहिली नाहीं. आणि लांकूड हें कागदाहून फार टिकाऊ आहे असें समजण्याचें कारण नाहीं. जें विकलें जाईल त्याच्या पाठीवर गांव व वर्ष तरी कोरलें जावें. नारोशंकराच्या घंटेवर आहे तितकें पुरे.

ज्यांस आपलें घर जुन्या वस्तूंनीं सजवावयाचें आहे त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, नवी फळी खरवडूं नका. ती घरांत आणा, वापरा. तिच्यावर पाट ठेवा, पाणी सांडूं द्या, मुलांस तिच्यावर बसूं द्या. वीस वर्षांनीं तिचा रंग आपोआप उडेल, आणि तो कोठें कां उडाला हें तुम्हांस सांगतां येईल. आणि खरें जुनें दार घेतलेंत, तर तें शक्य तोंवर दार म्हणूनच बसवा, व विकणाऱ्यास एक प्रश्न अवश्य विचारा, हें कोणाच्या घरचें? उत्तर मिळालें तर तें लिहून ठेवा. शोभेच्या वस्तूस तेवढें मोल द्यावयाचें नसेल, तर आपण शोभा विकत न घेतां दुसऱ्याचा घसाराच विकत घेतला असें समजावें.